होणाऱ्या जावयाचं उकुलेले आणि माझी काडेपेटी

ज्या वस्तूला मी काडी लावली ती वाजवायची वस्तू आहे, हे मला माहीत होतं. ती परक्याची आहे, हेही माहीत होतं. आणि तो परका येत्या मार्गशीर्षात माझा जावई होणार आहे, हे तर सुरतेच्या उधन्यातल्या आमच्या अख्ख्या सोसायटीला माहीत होतं!

मी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या गिरणीत, माल तपासतो. सुरतेत या धंद्यात मुरलेल्या माणसाला एक खोड लागते. कोणी काहीही 'ओरिजिनल' म्हणून पुढे केलं की त्याचा हात आपोआप खिशातल्या काडेपेटीकडे जातो. एक धागा ओढायचा, काडी लावायची, वास घ्यायचा. कागदासारखा वास आला तर सुती, केस जळल्यासारखा आला तर रेशीम, टोकाला कडक काळा मणी झाला की पॉलिस्टर, आणि भुरा झाला की नायलॉन. मग समोरचा व्यापारी देवाच्या कितीही शपथा घेवो! (माझ्या स्वतःच्या लग्नात मी सासऱ्यांनी दिलेल्या सफारीचा धागा ओढला होता. सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, ते अजून माफ केलेलं नाही.)

तर आमच्या प्राजक्ताने लग्नासाठी ओंकार निवडला. मुलगा नाशिककडचा, देखणा, नम्र, जेवताना भाजीला नावं न ठेवणारा. फक्त धंदा विचारला आणि गाडी तिथेच अडली.

"काका, मी उकुलेले विकतो."

"काय विकतोस?"

"छोटी गिटार समजा. चार तारांची. पण साधी नाही, कार्बन फायबरची. वरून लाकडाचा पातळ पापुद्रा."

"आणि हे... घेतं कोण?"

"डिमांड इतकी आहे काका, की लोक महिनोन् महिने वेटिंगमध्ये आहेत! सुरतेच्या दमट हवेत लाकडी वाद्य फुगतं, सूर सोडतं. कार्बनला काही होत नाही. पण नुसतं कार्बन काळंकुट्ट दिसतं, म्हणून वरून लाकूड."

मी किंमत विचारली. ऐकून पाणी मागितलं.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. दिसायला लाकूड, आतून भलतंच! आमच्या बाजारात याला एकच शब्द आहे, आणि तो मी होणाऱ्या जावयाबद्दल उच्चारू शकत नव्हतो. हे फायबर खरं नसलं तर? वेटिंगवाली माणसंही खरी नसली तर? माझी एकुलती एक पोर अशा माणसाच्या हाती द्यायची, जो श्रीमंतांना खेळणी विकतो आणि एक दिवस पोलिसांना दार उघडतो? सुनंदाला सांगितलं तर म्हणाली, "तुम्हाला देवाच्या मूर्तीचाही धागा ओढावासा वाटतो."

आणि नेमक्या एका रविवारी ओंकार जेवायला आला तो काखेत एक काळी पेटी घेऊन. पलसाण्याकडच्या कोणी बाई संध्याकाळी गाडीने जाता जाता ते उकुलेले आमच्याच घरून नेणार होत्या. जेवणं झाली. तो, सुनंदा आणि प्राजक्ता लग्नाचा हॉल बघायला निघाले. जाताना तो दारात थांबला आणि म्हणाला, "काका, जरा लक्ष ठेवा हं."

मी लक्षच ठेवलं! आधी नुसतं पेटीकडे ठेवलं. मग पेटी उघडून आतल्या वस्तूवर ठेवलं. रंग सुंदर होता, लाकडाच्या रेषा सुंदर होत्या, आणि म्हणूनच मला घाम फुटला. मधल्या गोल भोकाच्या काठाला पापुद्रा संपून आतला काळा थर डोकावत होता. मनात आलं, इथे कोणाला दिसणार आहे? एक क्षणभर काडी धरायची. खरं कार्बन असेल तर जळणार नाही, आणि मी आजपासून शांत झोपेन. पोरीच्या बापाने एवढीही खात्री करू नये?

काडी धरली. कार्बन जळलं नाही. कार्बनला खरोखर काही झालं नाही, हे मी आजही कुठेही शपथेवर सांगेन. पण वरच्या लाकडावर चकचकीत लाखेसारखं काहीतरी होतं, ते भप्पकन पेटलं! मी फुंकर मारली. ज्योत तारेकडे गेली. तार वितळली, टण्ण करून तुटली आणि माझ्या नाकावर बसली. (तिच्या टोकाला भुरा मणी झाला होता. म्हणजे तार नायलॉनची. अशा वेळीही माझा मेंदू ड्यूटीवर होता!)

भोकाच्या कडेला अंगठ्याएवढा काळा डाग पडला. आता लग्न मोडणार, प्राजक्ता जन्मभर माझ्याशी बोलणार नाही, सुनंदा मला शिरपूरला भावाकडे पाठवून देणार! खोबरेल तेल लावलं. डाग चमकायला लागला. कणिक चोळली, ती रेषांत जाऊन बसली. शेवटी बुटाचं तपकिरी पॉलिश घेतलं आणि देवाचं नाव घेऊन चोळत सुटलो. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

सुनंदाने आधी माझं नाक पाहिलं, मग टेबल पाहिलं. ती एरवी शुद्ध मराठी बोलते, पण फार घाबरली की थेट अहिराणीत उतरते.

"हाई काय करी ठेवं तुम्ही? पोरनं लगीन जाळी टाकं!"

"हळू बोल ना!"

"पप्पा," प्राजक्ताचा आवाज इतका बारीक झाला की मला तिच्या ओरडण्याची आठवण आली, "तुम्ही काडी लावली ना?"

ओंकारने ते उचललं, नाकाजवळ नेलं. "काका, याला बुटाचा वास का येतोय?"

काडेपेटी टेबलावरच होती, तिनेच सगळं सांगितलं. ओंकार ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने पेटीच्या कप्प्यातून नवी तार काढून चढवली, सूर लावला, थोडं वाजवून पाहिलं. आवाज लख्ख होता. पण डागही तिथेच होता, आणि खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"ओंकार," मी हात जोडले, "बाईंना सांग, नवीन डिझाइन आहे! परदेशात असंच चालतं म्हणावं!"

"नाही काका. जे आहे ते सांगणार."

बाई वर आल्या. ओंकारने वाद्य त्यांच्या हातात दिलं आणि डागावर स्वतःच बोट ठेवलं. "मॅडम, हे थोडं भाजलंय. आमच्या घरातून चूक झाली. तुम्हाला नको असेल तर पुढचं आलेलं पहिलं तुमचं."

'आमच्या घरातून!' माझं नावसुद्धा घेतलं नाही पोराने. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते पॉलिशच्या वासाने आलंय असं मी सुनंदाला खुणेने सांगितलं.

"पुढचं क्यारे आवशे?" बाईंनी विचारलं.

"चार-पाच महिने तरी लागतील."

बाईंनी उकुलेले छातीशी असं धरलं की आता ते पोलीस बोलावूनही सुटलं नसतं. "अरे ना, भाई! मारे वेटिंगमां नथी रेवुं! माझ्या बहेनपणीकडे, फ्रेंडकडे आलं पण. ती रोज मला वाजवतानाचे व्हिडिओ मोकले छे. डाग तर डाग!"

"नवीन पापुद्रा बसवून देईन मी, मॅडम. बोलवाल तेव्हा." ओंकार म्हणाला. पण बाई तोवर जिना उतरून गेल्या होत्या, न जाणो आम्ही विचार बदलला तर!

मी मटकन खुर्चीत बसलो. डिमांड खरी निघाली. फायबर खरं निघालं. आणि मुलगा तर असा निघाला की इतक्या वर्षांत माझ्या टेबलावर तसा माल आला नव्हता. मी उठून त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणालो, "पास!"

"तो पास झाला हो," सुनंदा म्हणाली. "तुमचा निकाल लागायचाय."

तो लग्नाच्या बस्त्याच्या दिवशी लागला. शालूपासून मानपानाच्या साड्यांपर्यंत सगळी खरेदी करायला दोन्ही घरची माणसं मोठी गाडी करून रिंग रोडच्या बाजारात गेली. सुरतेत उभा जन्म कापड तपासण्यात घालवलेला मुलीचा बाप मात्र एकमताने घरी ठेवण्यात आला. काडेपेटी तर त्या रविवारीच जप्त झाली होती. म्हटलं, ठीक आहे, निदान चहा तरी करून पिऊ. ओट्यापाशी गेलो, तर सुनंदा जाताना गॅसचा लायटरसुद्धा पर्समध्ये घालून घेऊन गेली होती!