चपला काढून

आदिलाबादच्या कापूस बाजारामागं एक रिकामा प्लॉट होता. कोणीही यावं, कचरा टाकावा, बाटल्या फोडाव्या. आमच्या घरचा कचराही मी तिथंच टाकत असे. मग एक म्हातारी तिथं भाजी लावायला खपू लागली. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

प्लॉटच्या कडेला ती चपला काढायची आणि मगच आत शिरायची. वावरात चपलेनं जायचं नसतं, हा तिचा नेम. रोज वाकून काचा वेचायची, पोत्यात भरायची. पावसाळा सरता तिथं वांगी लगडली, अंबाडी कमरेएवढी झाली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती जुडी द्यायची. मलाही दिली. मी खाली मान घालून घेतली.

पुढं मालकानं बांधकाम काढलं. उभी झाडं उपटून चुन्याच्या रेघा मारल्या. दुसऱ्या सकाळी पाहतो, तर ती अनवाणी काचाच वेचत होती.

"मावशी, आता काऊन वेचून राह्यल्या? उद्या मशीन येते इथं."

ती कंबर धरून उठली. "मशीनमागं मजूर येतीन ना, बाबू. त्यायच्या पायात कुठं चपला राहतेत?"

तिच्या पोत्यातली काच आमच्या घरची नव्हतीच, असं मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.