गोराईच्या धक्क्यावरचा जिताडा

पडदा सरकावा तसं धुकं सरकलं आणि गोराईच्या खाडीचा देखावा उघडा झाला. मागे तिवरांची हिरवी भिंत, पुढे धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या, आणि त्यांवर चढत येणारं भरतीचं पाणी. वरच्या पायरीवर, हातात बारीक रॉड घेऊन, सत्तरीचे गुणाजी पेडणेकर. त्यांच्या पाठीशी प्लास्टिकच्या स्टुलावर त्यांची बायको प्रेमा. तिच्या पदराच्या गाठीत जिभेखाली ठेवायची गोळी.

गुणाजींनी उभा जन्म गोरेगावच्या स्टुडिओत सुतारकी केली. राजवाडे उभे केले, तुरुंग उभे केले, आणि काम संपताच पाडलेही. सुट्टीचा दिवस मात्र खाडीचा. गावी देवबागला बापाने शिकवलेली रीत एकच: जाड दोरी हाताला गुंडाळायची आणि मासा लागला की त्याला उसंत न देता ओढायचा. गेल्या वर्षी छाती उघडावी लागली आणि डॉक्टरांनी ओढाताण बंद केली. तेव्हा लेकाने, निलेशने, हा पिसासारखा रॉड आणून दिला आणि सोबत गळाला लावायचे करंगळीएवढे रबराचे मासे. बारीकसारीक काही लागेल, म्हाताऱ्याचा जीव रमेल, एवढाच सगळ्यांचा हिशेब. प्रेमाने मात्र त्यांना एकट्याने कधी सोडलं नाही.

त्या सकाळी रबराच्या माशावर जिताडा आला.

रॉड कमानीसारखा वाकला. पाण्यावर रुपेरी पाठ उलटली, चांगली हातभर. अशा बारीक दोरीवर मोठ्या माशाला पळू द्यायचं असतं, पळून पळून तोच दमतो, हे निलेशने त्यांना किती वेळा समजावलं होतं. पण दंडात बापाची रीत जागी झाली. गुणाजी पाय रोवून ओढू लागले. प्रेमा पाण्याकडे बघतच नव्हती. तिला दिसत होता फक्त नवऱ्याचा चेहरा, जो राखेसारखा होत चालला होता, आणि छातीकडे गेलेला डावा हात.

तिने गाठ सोडली आणि गोळी त्यांच्या जिभेखाली सारली.

"द्या तो रॉड इकडे."

"तुका जमाचा नाय," ते कसेबसे म्हणाले.

"द्या म्हणते ना."

त्यांनी दिला. खाली बसले. तोंडात गोळी, त्यामुळे बोलणं बंद; मग विंगेतल्या प्रॉम्प्टरने खुणा कराव्यात तसे ते हातानेच तिला सांगू लागले. सोड. थांब. आता हळू गुंडाळ. जिताडा तिवरांकडे धावला, रॉडचं चाक किरकिरलं. तिचा एक डोळा दोरीवर, दुसरा त्यांच्या ओठांच्या रंगावर. मासा मरो, पण ह्यांच्या तोंडावर रंग येऊ दे, एवढंच ती वेतोबाला विनवत होती.

रंग थोडा परतला. आणि मासाही दमून पायरीशी आडवा झाला.

घात तिथेच होता. गावी काठाला आलेला मासा कल्ल्यात बोटं घालून हातानेच उचलतात. गुणाजी उठले आणि खालच्या पायऱ्यांकडे निघाले. पाण्याखाली बुळबुळीत शेवाळ. प्रेमाने हाक मारली, परत मारली. त्यांचे कान माशात होते. दोन्ही हातांत रॉड, माणसाला धरायचं कशाने? आणि मासा दोरीला असेपर्यंत ते थांबणार नव्हते. तिने दोरी तोंडाशी ओढली आणि ब्लाऊजचा टाका तोडावा तशी दाताने तोडली.

जिताडा क्षणभर तसाच पडून राहिला. मग शेपटी हलली आणि तो गेला.

गुणाजी एक पाय खाली टाकून नुसते उभे. ती शिव्यांची वाट बघत राहिली. त्या आल्या नाहीत, त्यामुळे ती आणखीच घाबरली. रिक्षाने थेट डॉक्टरांकडे नेईपर्यंत ती त्यांच्या शर्टाखालचा श्वास वरखाली होताना बघत राहिली. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, दोनदा पाहिली, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. तेव्हा कुठे बाहेरच्या बाकावर बसून प्रेमा पदराने डोळे पुसू लागली.

गुणाजी तिच्याकडे न बघता म्हणाले, "निलेशान इचारल्यान तर सांग गो, दोरी आपसूक तुटली."