डावा डोळा

समोरच्या माडावर वानर बसलंय. कोवळे नारळ ओरबाडून खाली फेकतंय आणि माझा डावा डोळा आपोआप मिटलाय. बंदूक घरात नाही. निवडणूक आहे म्हणून ती पोलीस ठाण्यात जमा केलीय. डोळ्याला हे कोण सांगणार!

पहिल्यांदा बंदूक घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने ती माझ्या खांद्याला टेकवली. म्हणाला, "डावा डोळा मिटा." मी नळी दाराकडे वळवली. रस्त्यापलीकडे एक माणूस उसाचा रस पीत उभा होता. एक डोळा मिटला की माणूस किती सोपा होतो! त्याचं घर, त्याची तहान सगळं गळून पडतं. कुठे मारायचं, तेवढंच उरतं.

घरी हिने बंदुकीला हळदकुंकू वाहिलं. पुढे पहिलं रानडुक्कर आतडी फरफटत भातातून पळालं, किंचाळत राहिलं. दुसरा बार उडेपर्यंत मी डोळा उघडला नाही.

काल पाटाच्या पाण्यावरून धाकट्या भावाशी जुंपली. तो तावातावाने बोलत होता, एकदम थांबला आणि मागे सरला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "आधी डोळा उघड."