पर्समध्ये मावणारं पिस्तूल

काल, शनिवारी सकाळी आम्ही दोघं पिस्तूल बघायला गेलो... हो, पिस्तूलच. वेलिंग्टनच्या या जॉन्सनव्हिल उपनगरात शनिवारी लोक लॉन कापतात, आमचं हे चाललं होतं.

त्याच्या पंधरा दिवस आधी आमच्या फार्मसीत संध्याकाळी एक माणूस चाकू घेऊन आला. त्याला सर्दीच्या गोळ्या हव्या होत्या, त्यांच्यातून इथे ड्रग बनवतात. काउंटरवर मी एकटीच होते. गोळ्या दिल्या, तो गेला.

तेव्हापासून मी घरी. बॉस भली बाई आहे, पण सोमवारी येणार की नाही ते आता सांग, म्हणाली. मला ठरवता येत नव्हतं.

माझ्या नवऱ्यानं, अमोलनं, हा प्रश्न त्याच्या पद्धतीनं हातात घेतला. तो आयटीत आहे आणि पुण्याचा आहे, साधा मिक्सर घ्यायचा तरी आधी एक्सेल शीट बनतं. या वेळी शीटमध्ये छोटी पिस्तुलं होती... वजन, जाडी, गोळ्या किती बसतात, पर्सच्या बाहेरून उठून दिसतं का.

टेक्सासमधला त्याचा मावसभाऊ फोनवर सल्ला देत होता. अगदी छोटं घेऊ नकोस, हातात नीट बसत नाही आणि झटका जोरात लागतो, वहिनीला मधल्या साइझचं बरं. एकदा तर माझी पर्स रिकामी करून फूटपट्टीनं मोजली गेली.

आपल्याकडे फॉरेन म्हणजे फॉरेन. टेक्सासला चालतं ते वेलिंग्टनला चालत नसेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. खरं तर माझ्याही नाही.

आम्ही गेलो तो नेमबाजीचा क्लब डोंगराच्या कुशीत होता, पत्र्याची शेड आणि बाहेर चिखल. तिथल्या मार्गारेट नावाच्या वयस्कर बाईंनी कप भरून चहा दिला आणि विचारलं, पिस्तूल कशासाठी हवंय? अमोल म्हणाला, बायकोच्या सेफ्टीसाठी, पर्समध्ये ठेवायला.

बाईंनी कप खाली ठेवला. हे कारण इथे चालतच नाही, म्हणाल्या. पिस्तूल हवं तर क्लबात नेमबाजी करायची, ते घरी तिजोरीत ठेवायचं, क्लबात आणायचं तेही कुलूपबंद पेटीत. लायसन्सआधी पोलीस घरी येऊन बायकोलाही प्रश्न विचारतात, तिथे पर्सचं नाव काढलंत तर विषय संपला.

अमोलचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला हसू येत होतं, तेवढ्यात बाई माझ्याकडे वळल्या. "काय झालं होतं, लव्ह?"

पंधरा दिवसांत 'ठीक आहेस ना' सगळ्यांनी विचारलं होतं. काय झालं, हे कुणीच नाही. मी सांगितलं... तो दारातून कसा आला, मी गोळ्या कशा दिल्या. चाकू केवढा होता, तेही बोटांनी दाखवलं. सफरचंद सोलायचा असतो ना, तेवढा.

"एवढाच?" अमोल म्हणाला, आणि उठून बाहेर गेला.

मला भयंकर राग आला. एवढाच म्हणजे काय? जाब विचारायला मी त्याच्या मागे गेले, तर तो गाडीत तोंडावर हात धरून रडत होता.

"मला रोज कोयता दिसतो गं," तो म्हणाला. "डोळे मिटले की दिसतो. तुझ्या मानेवर."

मी शेजारी बसले. आत कुणीतरी नेम धरत होतं, थोड्या थोड्या वेळानं आवाज येत होता. चाकू मी पाहिला होता, त्यानं नव्हता पाहिला. इतके दिवस मी स्वतःलाच घाबरट म्हणत होते, आणि माझ्याहून घाबरलेला माणूस शेजारी बसून पिस्तुलांची जाडी बघत होता. खूप माया आली मला त्याची.

मार्गारेटबाई, तुम्ही हे वाचणार नाही, तरी मनापासून थँक्यू.

उद्या सोमवार, मी कामावर जाते आहे. दुकान बंद व्हायच्या वेळी बाहेर येऊन उभा राहू का, असं अमोलनं विचारलं. म्हटलं, ये की... मला सोबत होईल, आणि तुला झोप लागेल.