फळीवरचा पाना

आमच्या बाबांनी नव्वदीला टेकल्यावर माझ्या नाकी नऊ आणले, ते एका पान्यापायी.

बाबा परळच्या गिरणीत फिटर. आठवड्याचे सहा दिवस गिरणी आणि रविवारी जुहूचा विमानतळ. तिथे तेव्हा हवाई दलाची एक राखीव तुकडी होती. वैमानिक कुणी वकील, कुणी कंपनीतला साहेब, आणि विमानं सांभाळायला बाबांसारखे गिरणीतले, गोदीतले कारागीर. सुट्टीच्या दिवशी खाकी चढवायची, सराव करायचा, सोमवारी पुन्हा आपापल्या कामावर. पुढे तुकडी मोडली, गिरणीही गेली. बाबांच्या अंगातली तुकडी मात्र मोडली नाही आणि ती आम्ही सगळ्यांनी भोगली.

त्याला कारण ती फळी. विमानतळावर हत्यारं टांगायची एक लाकडी फळी असे आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगाने रंगवलेली. काम संपलं की हत्यार आपल्या आकृतीवर गेलंच पाहिजे. एक जरी जागा रिकामी दिसली तरी विमान उडायचं नाही, कारण हरवलेलं हत्यार आतच राहिलेलं असू शकतं. हे ठीक. पण तशीच फळी बाबांनी चिंचपोकळीच्या आमच्या खोलीत स्टोव्हच्या वर ठोकली. झारा, उलथणं, सांडशी, किसणी. किसणी शेजारणीकडे गेली असेल तर ती परत येईपर्यंत पानं वाढायची नाहीत! आई वैतागून म्हणायची, "आमटी काय उडून जातेय?" बाबा ढिम्म.

गेल्या वर्षी तुकडीतल्या एका वैमानिकसाहेबांचा दादरहून फोन आला. साहेब बाबांपेक्षाही थोरले. तुकडीचा इतिहास छापायला घेतला होता, वैमानिकांबद्दल भरपूर जमलं होतं, कारागिरांबद्दल अक्षर नव्हतं. वडिलांकडून दोन पानं लिहून घ्या, म्हणाले. मला केवढा आनंद झाला. बाबांचं नाव आजवर कुठल्या पुस्तकात आलंय?

वही घेऊन बसले. बाबांनी एकच गोष्ट सांगितली आणि माझं डोकंच फिरलं. एका रविवारी विमानतळावर पाहुणे आले होते, सगळ्यांची घाई चाललेली. फळीवर एका पान्याची जागा रिकामी. बाबांनी आपल्या पिशवीतला गिरणीचा तसलाच पाना तिथे टांगला. फळी भरलेली दिसली, विमान उडालं. "अर्धा तास मी उन्हात आभाळाकडे बघत उभा होतो गो," बाबा म्हणाले. विमान नीट उतरलं. आत चढून बघतात तर पाना वैमानिकाच्या सीटखाली. तो त्यांनी गुपचूप काढून फळीवर टांगला, कुणाला सांगितलं नाही. त्या विमानात होते हेच साहेब.

"हेच लिही."

"बाबा, साठ वर्षं झाली. कुणाचं काही वाकडं झालं नाही. आता कशाला उकरून काढता?"

"साहेबांना ठाऊक नाही. ते आहेत, मी आहे, तोवर सांगायला हवं."

आठवडाभर हाच वाद. सुंभ जळला तरी पीळ जाईना. शेवटी मी तोंडाने हो म्हटलं आणि माझ्या मनाचं लिहून पाठवलं. फळीची शिस्त, रविवारची मेहनत, आणि शेवटी, 'त्यांच्या हातून एकदाही चूक झाली नाही.' आपल्याच बापाला आपण गुन्हेगार ठरवायचं? मला ते जमेना.

छापण्याआधी साहेबांनी कच्ची प्रत पाठवली. लपवायची सोडून, नाव बघून खूश होतील म्हणून मीच ती बाबांच्या हातात दिली. त्यांनी भिंग धरून सगळं वाचलं. शेवटच्या ओळीवर भिंग थांबलं. ते ओरडले असते तर मीही ओरडले असते, त्याची आम्हाला सवय आहे.

"जागा रिकामी दिसू नये म्हणून तूही दुसराच पाना टांगलास गो," एवढंच म्हणाले.

मला त्यांचा राग आला, माझाही आला. मी साहेबांचा नंबर लावला आणि फोन बाबांच्या कानाला लावला.

पलीकडून आवाज आला तसे बाबा खुर्चीचा हात धरून उठले आणि ताठ उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "त्या दिवशी फळी पुरी नव्हती."