दोन थापांचा नियम

भवानी पेठेत हातमागावर चादरी विणणाऱ्या गुरुसिद्धप्पाच्या घरी खुंटीला एक पांढरी टोपी असायची. पांढरी म्हणायची आपली. तिच्यावर तांबड्या मातीचा अख्खा पाय उमटलेला. बायको ईरम्मा सात वर्षांत कितीदा तरी ती धुवायला घेई आणि हा तिच्या हातातून काढून घेई. "ऱ्हाऊ दे. धुणारा येगळा हाय."

पाय होता त्याच पेठेतल्या बाळासो पैलवानाचा. ईरम्माच्या माहेरच्या जत्रेत बाळासोनं गुरुसिद्धप्पाला चितपट केलं, त्याचं काही नाही. पण आखाड्याकडेला ठेवलेली त्याची टोपी पायाखाली घेऊन, तिच्यावर उभा राहून त्यानं मानाचा नारळ घेतला. सगळी सासुरवाडी बघत होती.

शहात्तर साली रेल्वेतले कारकून रामहरी यांनी जुजुत्सू या पारंपरिक जपानी झुंजविद्येच्या अखिल भारतीय संघाची सोलापूर शाखा काढली. शाळेचं पटांगण, आणि चिंध्या भरून शिवलेल्या चादरींची गादी. पहिलं नाव गुरुसिद्धप्पाचं. सहा महिने तो फक्त पडायला शिकला. बाळासो कुंपणाशी येऊन म्हणायचा, "पडायला शाळा कशाला रं? माज्याकडं आला आसतास तर फुकट पाडला आसता की."

गुरुसिद्धप्पा उठायचा आणि परत गादीवर जायचा. अशी दोन वर्षं गेली.

मग संघाचे निरीक्षक यायचे ठरले. शाखेला मान्यता मिळण्यासाठी शाखेबाहेरच्या एखाद्या पैलवानाशी झुंज दाखवायची होती. बाळासोला आमंत्रण द्यायला गुरुसिद्धप्पा स्वतः गेला, तेही पानसुपारी घेऊन.

झुंजीआधी रामहरींनी दोघांना बजावलं, "हितं पाठ टेकली म्हणून डाव संपत नाही. हार मानायची तर गादीवर दोन थापा मारायच्या. दुसरी थाप पडताक्षणी सोडायचं. नाही सोडलं तर नाव कटलं, आणि शाखाही गेली."

बाळासो हसला. "थापांचं त्या इणकराला सांगा."

आणि खरंच, बघता बघता त्यानं गुरुसिद्धप्पाला उचलून उताणा आपटला. पाठ टेकली. कुस्तीत पाठ टेकली की डाव जिंकला, ही बाळासोची इतक्या वर्षांची सवय. बाळासोनं एक हात लोकांकडे उंचावला. दुसरा अजून खालीच होता. गुरुसिद्धप्पानं तेच मनगट धरलं, दोन्ही पाय त्याच्या छातीवरून टाकून त्याला खाली ओढलं आणि त्याचा हात कोपरातून उलटा ताणला. मागाचा ताणा ताणतात तसा, सावकाश.

बाळासोचा चेहरा काळा-निळा पडला. गादीवर एक थाप पडली.

"सोड की रं."

"येकच झाली," गुरुसिद्धप्पा गोड आवाजात म्हणाला. "नियम दोनचा हाय, पैलवान."

निरीक्षक वाकून बघत होते. नियमात चूक कुठंच नव्हती. बाळासोनं दात खाल्ले, लोकांकडे पाहिलं, डोळे मिटले आणि दुसरी थाप मारली. थापेचा आवाज विरायच्या आत त्याचा हात मोकळा झाला होता. निरीक्षकांनी मान्यतेच्या कागदावर तिथंच सही केली.

गुरुसिद्धप्पा उठला आणि पिशवीतून टोपी काढून त्यानं बाळासोपुढं धरली. "धुऊन आण."

जमलेली सगळी पेठ बघत होती; बाळासोनं टोपी घेतली. पेठेच्या नळावर घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी वाट करून दिली. बाळासोनं एका हातानं टोपी चोळली, पिळली आणि आणून दिली. गुरुसिद्धप्पानं ती उन्हात धरून उलटीसुलटी बघितली. अंगठ्याच्या जागी अजून फिकट तांबूस दिसत होतं.

"येकदाच धुतलीस व्हय?" तो म्हणाला, आणि टोपी परत त्याच्या हातात दिली.