घरची सेवा धरत नाहीत

कॉलेजात गुण देऊन समाजसेवा सक्तीची करा, हा आग्रह माझाच होता आणि तो चुकला. वृद्धाश्रमात माझी विद्यार्थिनी सुनीता अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना कुशीवर वळवत होती, इतक्या अलगद की आजींची झोपही मोडली नाही.

“कुठे शिकलीस?”

“घरी. आईचं सगळं मीच करते, सर.”

“आत्ता तिच्याजवळ कोण आहे?”

“कोणी नाही. घरची सेवा धरत नाहीत, तुम्हीच म्हणालात.”

सेवेला गुण लावले, की ती आपल्या माणसाजवळून उठते आणि परक्याच्या उशाशी जाऊन बसते.

मी तिच्यासोबत घरी गेलो. आई ओल्या चादरीवर पडून होती.

“चुकलो, ताई,” मी म्हणालो.

“आधी बाहेर थांबा. तिला माझे कपडे बदलू द्या.”

बंद दारासमोर उभं राहून मी पुन्हा माफी मागितली.